विश्लेषण : सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, ही चांगली बातमी का नाही?

‘ब्रश करताना रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठणठणीत’ असा समज सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात धुरामुळे हिरड्यांची धोक्याची सूचनाच दबते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. हे कसे घडते, पंचविशी-तिशीतच त्याची काळजी का करायची आणि सिगारेट सोडल्यावर काय होते, याविषयी…

सकाळी साडेदहाची राजारामपुरी. मेन रोडवरची शटर वर जात असतात, गल्ल्यांमधल्या क्लासेसची पहिली बॅच सुटते आणि चहाच्या गाड्यांभोवती विशी-पंचविशीतल्या पोरांची गर्दी जमते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात सुट्टी सिगारेट. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, कुणी घरून काम करणारा आयटीवाला, कुणी जिममधून थेट आलेला. ‘फुप्फुसाचं बघू की नंतर’ हे ठरलेले उत्तर. हिरड्यांचा तर विषयच निघत नाही. चहाच्या गाडीपासून काही पावलांवर दातांच्या दवाखान्याची पाटी असते, पण तिकडे पाय वळतात ते दात हलायला लागल्यावरच. तोवर दाताखालचे हाड बरेच झिजलेले असते.

हिरड्यांचा आजार म्हणजे नेमके काय?

दातांवर दररोज जीवाणूंचा चिकट थर बसतो. त्याला प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघाला नाही, तर काही दिवसांत त्याचे दगडासारखे कडक किटण होते. या थरातल्या जीवाणूंमुळे हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागताच रक्त येते. हा पहिला टप्पा, म्हणजे जिंजिव्हायटिस. दात नीट साफ ठेवले तर या टप्प्यावरून हिरडी पूर्ववत होऊ शकते. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा स्वच्छता सुरू करताच बऱ्या झाल्या. प्लाक आणि हिरड्यांची सूज यांचे नाते या प्रयोगाने पक्के केले.

दुर्लक्ष झाले, तर काहींमध्ये दुसरा टप्पा येतो. तो पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पायोरिया म्हणतात तो आजार. यात हिरडी दातापासून सुटते आणि दोहोंमध्ये फट पडते. दंतवैद्य तिला पॉकेट म्हणतात. निरोगी हिरडीत ही फट साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाली, की ब्रश आत पोहोचत नाही. आतले जीवाणू आणि त्यांच्याशी लढणारी शरीराची स्वतःची यंत्रणा, या दोघांच्या झटापटीत दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातला फरक महत्त्वाचा. पहिल्यातून परतता येते, दुसऱ्यात फार तर आहे तिथे थांबता येते.

धूर हिरड्यांचे काय बिघडवतो?

सिगारेटमुळे दात पिवळे पडतात आणि तोंडाला वास येतो, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. डाग हे वरवरचे प्रकरण आहे. खरे नुकसान तीन ठिकाणी होते.

पहिले, संरक्षणात. जीवाणूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल आणि जीवाणू गिळण्याची क्षमता धुरामुळे बिघडते. पहारेकरी जागेवर असतात, पण कामाचे राहत नाहीत. दुसरे, दुरुस्तीत. हिरडीतले तंतू तयार करणाऱ्या पेशींचे काम मंदावते. त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. दात काढल्यावर सिगारेट ओढू नका, असे दंतवैद्य बजावतात ते यासाठीही. तिसरे, जीवाणूंच्या वस्तीत. हिरडीखालच्या फटीत ऑक्सिजन कमी झाला, की ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या उपद्रवी जीवाणूंचे फावते.

याचा एकत्रित परिणाम म्हणून, धूम्रपान करणाऱ्यांना हिरड्यांच्या आजाराचा धोका न करणाऱ्यांच्या तुलनेत दुप्पट असतो, असे अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी सांगते. सिगारेटी जितक्या जास्त आणि वर्षे जितकी जास्त, तितका धोकाही जास्त.

मग रक्त का येत नाही?

इथे गफलत होते. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. हिरडीत आजार असला, तरी तिथला रक्तपुरवठा दबलेला राहतो. परिणामी हिरडी लाल, सुजलेली दिसण्याऐवजी फिकट, जाडसर आणि घट्ट दिसते. आरशात पाहणाऱ्याला ती निरोगीच वाटते.

हे १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बर्गस्ट्रॉम आणि प्रेबर या संशोधकांनी लोच्या धर्तीवरच्या प्रयोगात दाखवले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दात घासणे थांबवले. सिगारेट ओढणारे आणि न ओढणारे, दोन्ही गटांत प्लाक सारखाच साचला. पण ओढणाऱ्यांच्या हिरड्यांवर सूज आणि रक्तस्राव मात्र कमी दिसला. म्हणजे घाण तेवढीच, तक्रार कमी.

मोटारसायकल चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल. इंजिनातले ऑइल संपत आले, की मीटरवर लाल दिवा लागतो. कुणी त्या दिव्याची वायरच कापली, तर दिवा लागणार नाही. गाडी मात्र जाम व्हायची ती होणारच. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांचे असेच होते.

प्रस्तुत लेखकाचाही हा अनुभव आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सबमिशनच्या रात्री पहिली सिगारेट ओढली आणि पुढे रोजच्या चार-पाचवर स्थिरावलो. घरात आईच्या हिरड्यांतून रक्त यायचे, माझ्या कधीच नाही. ‘बघ, मी तुझ्यापेक्षा नीट ब्रश करतो,’ असे तिला ऐकवलेलेही आठवते. पहिल्यांदा तपासणीला गेलो, तेव्हा वरच्या दातांच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी ५ मिलिमीटरची पॉकेट्स निघाली. तोवर ना दुखले होते, ना रक्त आले होते.

ही आतली बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. धूम्रपान करणाऱ्यांत वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू जास्त बाधित झालेली आढळते. नेमकी तीच बाजू आरशात दिसत नाही.

हा तर पन्नाशीनंतरचा आजार, तरुणांचा काय संबंध?

याचे चांगले उत्तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातून मिळते. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून अभ्यास सुरू आहे. त्यांच्या हिरड्या वयाच्या २६व्या आणि पुन्हा ३२व्या वर्षी तपासण्यात आल्या. सिगारेट कोण, कधीपासून ओढतो याची नोंद आधीपासून होतीच. डब्ल्यू. मरे थॉमसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानुसार, सातत्याने धूम्रपान करत आलेल्यांमध्ये ३२व्या वर्षी हिरडीचा दाताशी असलेला जोड किमान एका ठिकाणी ५ मिलिमीटर किंवा अधिक सुटलेला असण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सातपट निघाली. २६ ते ३२ या सहा वर्षांत जे नवे रुग्ण झाले, त्यातले दोनतृतीयांश धूम्रपानाच्या खात्यावर टाकता येतात, असाही हिशेब मांडला गेला.

पण याच अभ्यासातला तिसरा निष्कर्ष राजारामपुरीच्या चहाच्या गाडीवर उभ्या असलेल्या पोराने वाचायला हवा. ज्यांनी २६व्या वर्षानंतर सिगारेट सोडली, त्यांच्या आणि कधीच न ओढणाऱ्यांच्या हिरड्यांत ३२व्या वर्षी लक्षणीय फरक आढळला नाही. थोडक्यात, विशीच्या शेवटाला घेतलेला निर्णय तिशीच्या सुरुवातीला हिरड्यांवर दिसतो. हा हिशेब फुप्फुसाच्या कर्करोगासारखा तीस वर्षांनंतरचा नाही.

तरुणांमध्ये आणखी एक, वेगळाच आजार दिसतो. हिरड्यांची टोके अचानक सडल्यासारखी होतात, प्रचंड दुखते, रक्त येते आणि दुर्गंधी सुटते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांमध्ये तो इतका होता, की त्याला ‘ट्रेंच माउथ’ असे नाव पडले. धूम्रपान, ताण, जागरण, अपुरे खाणे आणि तोंडाची अस्वच्छता ही त्याची कारणे. परीक्षेच्या आधीचा महिना आठवला, तर ही यादी ओळखीची वाटेल. असे झाल्यास मेडिकलमधून गोळी आणून थांबू नये, त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा.

दिवसाला दोन-तीनच ओढतो, तरी धोका आहे?

आहे. अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारित टोमर आणि अस्मा यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये पेरिओडॉन्टायटिसची शक्यता एकूण सुमारे चौपट आढळली. दिवसाला ९ किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणाऱ्यांतही ती पावणेतीन पटींच्या आसपास होती आणि ३१ किंवा अधिक ओढणाऱ्यांत जवळपास सहापट. आकडा कमी केला तर धोका कमी होतो, शून्य होत नाही.

दंतवैद्यही आता हे आकडे विचारात घेतात. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात आजार किती वेगाने वाढेल याची ए, बी, सी अशी श्रेणी दिली जाते. दिवसाला १० पेक्षा कमी सिगारेटी असतील तर श्रेणी किमान ‘बी’, १० किंवा जास्त असतील तर थेट ‘सी’, म्हणजे सर्वांत वेगवान. त्यामुळे दवाखान्यात ‘कधीतरी एखादी’ असे सांगून आकडा लपवला, तर चुकते ते आपल्याच उपचारांचे गणित.

विडी, मावा, मिश्री, व्हेप यांचे काय?

महाराष्ट्रात हिरड्यांचा प्रश्न सिगारेटपुरता मर्यादित नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. कोल्हापूर तर तंबाखूच्या पट्ट्यालाच लागून आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गाने साधारण ४० किलोमीटरवरचे निपाणी विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन जुन्या पिढीला आठवत असेल. या भागात तंबाखू हे पीकही आहे, रोजगारही आणि सवयही. म्हणून ‘सोडून दे’ एवढे सांगून विषय संपत नाही.

विडी ‘पानाची’ म्हणून सौम्य, हा गैरसमज आहे. तिच्या धुरात निकोटिन आणि टार यांचे प्रमाण नेहमीच्या सिगारेटपेक्षा जास्त आढळते. मावा किंवा तंबाखूचा बार गालात ज्या जागी धरतात, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. माव्यात सुपारीही असते. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होते आणि ही कर्करोगापूर्वीची अवस्था मानली जाते. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील, तर तपासणी टाळू नये.

मिश्री अनेक घरांत आजही ‘दात घासायची’ वस्तू समजली जाते. ती भाजलेली तंबाखू आहे. दातांना लावल्यावर बरे वाटते ते निकोटिनमुळे, स्वच्छतेमुळे नव्हे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. व्हेप ओढणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्यातही बहुतेकदा निकोटिन असतेच, म्हणजे लाल दिव्याची वायर कापण्याचे काम तेही करते.

उपचार काय? धूम्रपान सुरू ठेवून ते लागू पडतात का?

पहिली पायरी म्हणजे साधी तपासणी. दंतवैद्य खुणा असलेली बोथट, बारीक सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून फट मोजतात आणि गरज पडल्यास एक्स-रे काढतात. त्यानंतर दात क्लीन करणे, म्हणजे स्केलिंग. पॉकेट खोल असेल, तर हिरडीखाली मुळापर्यंत सफाई करावी लागते. तेवढ्याने भागले नाही, तर हिरडीची शस्त्रक्रिया. ‘क्लीन केल्याने दात ढिले होतात’ ही समजूत चुकीची आहे. किटणाच्या आधाराने उभा असलेला दात किटण काढल्यावर हलतो, पण तो आधीच ढिला झालेला असतो.

सिगारेट सुरू असेल, तर हेच उपचार कमी लागू पडतात. पॉकेट हवे तेवढे भरत नाही, जखम उशिरा भरते. ‘दात पडला तर इम्प्लांट बसवू’ या हिशेबातही खोट आहे, कारण धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाणही जास्त असते. स्क्रू हाडातच बसवायचा असतो आणि हाडच झिजलेले असते.

खर्चाचा प्रश्न असेल, तर शासकीय रुग्णालयांतला दंत विभाग आणि दंत महाविद्यालयांची रुग्णालये हा पर्याय आहे. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

सोडल्यावर रक्त येऊ लागले तर?

हा मुद्दा सर्वांत कमी सांगितला जातो आणि त्यातूनच अनेकांची गाडी पुन्हा मागे फिरण्याची शक्यता असते. सिगारेट सोडल्यावर हिरड्यांतला रक्तपुरवठा पूर्ववत होऊ लागतो. दबलेली सूज आता दिसते आणि ब्रशला रक्त लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, सिगारेट सोडल्यानंतर ४ ते ६ आठवड्यांत तपासणीवेळी रक्त येणाऱ्या जागांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेले. म्हणजे दुप्पट, आणि तेही त्या लोकांची दातांची स्वच्छता सुधारलेली असताना. अभ्यास लहान होता, केवळ २७ जणांचा, पण दिशा स्पष्ट होती.

माझ्या बाबतीत सोडल्यापासून तिसऱ्या आठवड्यात बेसिन लाल झाले. ‘ओढत होतो तेव्हाच बरे होते,’ हा विचार मनात आलाच. हे होणार आहे, असे कुणी आधी सांगितले असते तर तो आला नसता. कापलेली वायर जोडली गेली, म्हणून दिवा लागला, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी ब्रश थांबवायचा नाही, सिगारेटकडे परतायचे नाही, तर दात क्लीन करून घ्यायचे. क्लीनिंगनंतर आणि नीट स्वच्छता ठेवल्यावर हे रक्त कमी होत जाते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा तपासणी करावी.

दीर्घकालीन चित्र दिलासादायक आहे. टोमर-अस्मा अभ्यासात ११ वर्षे किंवा त्याआधी सिगारेट सोडलेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पोहोचला होता.

कायदा काय सांगतो?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार, म्हणजे ‘कोटपा’नुसार, १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आतही विक्रीला बंदी आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री, साठवणूक आणि जाहिरात २०१९ पासून देशभर बेकायदा आहे.

सुट्ट्या विक्रीवरील बंदीमागे दोन कारणे होती. एक, सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही. दुसरे, पूर्ण पाकिटाचे पैसे खिशात नसलेल्या कॉलेजच्या मुलालाही एक सिगारेट परवडते. ही बंदी टपऱ्यांवर किती पाळली जाते, हे कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटे उभे राहिले की कळते.

आज नेमके काय करायचे?

धूम्रपान करत असाल, तर दुखण्याची किंवा रक्ताची वाट न पाहता हिरड्यांची फट मोजून घ्या. ‘दात बघा’ असे न म्हणता ‘हिरड्यांची पॉकेट्स मोजा’ असे स्पष्ट सांगा आणि दिवसाला किती ओढता, हा खरा आकडाही सांगा. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा आणि दातांमधल्या फटी साफ करा. त्यात वरच्या दातांची आतली बाजू विसरू नका. हिरडी खाली सरकणे, दात लांब दिसू लागणे, दातांमध्ये नव्या फटी पडणे, तोंडाचा वास न जाणे, मटणाची नळी फोडताना दात डुगडुगल्यासारखा वाटणे ही लक्षणे रक्ताशिवायही दिसू शकतात.

सोडायची इच्छा असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइनवर मोफत समुपदेशन मिळते. निकोटिन गम किंवा पॅच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. हा गम च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात ठेवायचा असतो. आणि सोडल्यानंतरच्या महिन्यात ब्रशला रक्त लागले, तर घाबरू नका. सिगारेट सोडणारा मित्र असेल, तर त्यालाही हे आधीच सांगून ठेवा.